मृगाखालचा तांबडा ढग

कुरखेड्याजवळ, २५ जानेवारी १९५७

दुर्बीण आणि फोटोच्या काचा सुखरूप पोचल्या, एकही फुटली नाही. जंगलातला हा सरकारी बंगला मला फारच आवडला. समोर धानाच्या मोकळ्या बांध्या, मागे सागाचं रान, आणि वर नागपुरात कधी न दिसणारं आभाळ. मृगाच्या तीन ताऱ्यांखाली जो धूसर ठिपका दिसतो, तो तापलेल्या वायूचा अवाढव्य ढग आहे. त्याचा तांबडा उजेड डोळ्यांना दिसत नाही, काचेवर मात्र उतरतो. तो फोटो घेऊनच कॉलेजात परतायचं. चौकीदार मुखरू आणि त्याची बायको सुकरी, दोघंही मोकळ्या स्वभावाची. त्या तीन ताऱ्यांना आम्हा गोंडांत नांगर म्हणतात, असं सुकरीने सांगितलं.

२६ जानेवारी

पहिला फोटो झाला. काच उघडी असेपर्यंत कुणीतरी बाजूच्या लहान नळीला डोळा लावून दुर्बीण ताऱ्याबरोबर सरकवत राहावं लागतं, नाहीतर काचेवर तारे रेघांसारखे फराटतात. मुखरूला ते छान जमलं. ढग पंख पसरल्यासारखा उमटला आहे. मधोमध एक काळा डाग. काचेचाच दोष असावा.

२७ जानेवारी

मुखरू आज नळीपाशी बसेना. "थो आतून मले पाहून राह्यला, साहेब," म्हणाला. मी हसलो, आग्रह केला. बसला. शाल घेऊन बाहेर आलो तर स्टूल रिकामं. खाली त्याच्या वहाणा. बराच वेळ शोधलं, मग परतून काच झाकली.

२८ जानेवारी

गावकऱ्यांनी रान पालथं घातलं. मुखरू नाही.

कालची काच धुतली. एकही तारा फराटलेला नाही. म्हणजे शेवटपर्यंत कुणीतरी डोळा लावून होतं. आणि ढगात डाग नाही— उकिडवा बसलेला माणूस आहे.

२९ जानेवारी

काच दाखवली. सुकरीने बसण्यावरूनच ओळखलं. "हा माहाच माणूस हाय. मले दाखवा." मी दुर्बीण लावून दिली. ती नळीत पाहत गोंडीत बोलू लागली, मधेमधे थांबून, उत्तर ऐकल्यासारखी. मी तिला मागे ओढलं. हातात नुसती घोंगडी आली.

३० जानेवारी

दुर्बीण पेटीत बंद केली. बैलगाडी उजाडल्यावर येईल.

काल दुर्बिणीत राहिलेली काच धुतली— दोघं. उभी आहेत. तोंडं इकडे. आधीच्या काचेपेक्षा मोठी.

कंदील विझला. काडी सापडत नाही. तरी ही अक्षरं दिसताहेत, तांबूस—

सुकरी "साहेब" म्हणून हाक मारते आहे. अगदी मानेपाशी. वळणार नाही. मी वळ—