परशुरामांच्या गावाचं नाव

शनिवार संध्याकाळ, १९५८

आज दादरच्या अंधाश्रमात वाचायची पाळी माझी आणि जोशींची होती. आमची विमा कंपनी तिथे खुर्च्या विणायला वेत पुरवते आणि शनिवारी अर्ध्या दिवसानंतर ऑफिसातल्या दोघांना वाचून दाखवायला पाठवते. साहेबांनी बोधकथांचं पुस्तक दिलंय. राजकारण नको, ही ताकीदही.

दुसरी कथा चालू होती. लालबागच्या गिरणीत डोळे गमावलेले परशुराम मधेच म्हणाले, "बाई, गोष्ट राहू दे. पेपर आहे काय? बेळगावकडचं काय झालं बघा की. आमचं गाव इकडं येणार काय?"

जोशींनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. पेपर माझ्या पिशवीत होता. का वाचला मी? इतकं सरळ विचारल्यावर नाही म्हणता येईना. सीमाभागाची बातमी होती, पण त्यांच्या गावाचं नाव नव्हतं. "परत वाचा," म्हणाले. परत वाचली. मग आणखी एकदा. तेव्हा ते नाव मधे घुसडावंसं वाटलं, खरंच. नाही घुसडलं. "असू दे," म्हणाले आणि त्यांनी वेत हातात घेतला.

बाहेर ट्रामची वाट पाहताना जोशी म्हणाले, "साहेबांच्या कानावर घालावं लागेल."

"घाला."

थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाले, "गावाचं नाव वाचून टाकायचं होतंत. त्यांना थोडंच कळणार होतं?"

"कळणार नव्हतं, म्हणूनच नाही वाचलं."

ट्राम आली. गिरगाव येईपर्यंत जोशींनी साहेबांचा विषय पुन्हा काढला नाही.