बिनतक्रार लायब्ररी

५ जानेवारी, सकाळी
संकल्प पाच दिवस उशिरा लिहितोय, कारण विचार करून लिहितोय. एक: मार्चच्या आत टेक लीड, म्हणजे टीमचा प्रमुख. दोन: ज्युनिअर अरीबाशी वाद घालायचा नाही, तिची तेवढी पात्रता नाही. तीन: पोट.

५ जानेवारी, दुपारी
लायब्ररी पूर्ण! आई अजून सगळ्यांना सांगते, आमचा सम्राट लायब्ररीत असतो. दहा वेळा सांगितलं, पुस्तकांची नव्हे गं, कोडची. एकदा लिहायची, कंपनीच्या सगळ्या मशीनमध्ये वापरायची. तर म्हणाली, मग घरी न्यायला देतात का?

माझ्या लायब्ररीचं वैशिष्ट्य: सेटिंगमध्ये कुणी कसलीही चुकीची व्हॅल्यू टाकली तरी ती थांबत नाही, ओरडत नाही. गुपचूप स्वतःची डिफॉल्ट, म्हणजे मी आधीच भरून ठेवलेली व्हॅल्यू घेते आणि पुढे जाते. स्क्रीनवर फक्त हिरवी टिक. आकडे दाखवतच नाही. आकडे दिसले की लोक प्रश्न विचारतात.

अरीबा (अनुभव दीड वर्ष, माझा अकरा) म्हणाली, सर, चुकीचं काही आलं तर तिथंच थांबून सांगायला नको का? म्हणालो, कस्टमरला चूक दाखवणं हा उद्धटपणा. मग म्हणाली, तापमानाचं डिफॉल्ट पंचवीसच का? म्हणालो, ऑफिसचा एसी पंचवीसवर आहे, कुणाची तक्रार आहे? वाद जिंकला. संकल्प नंबर दोन उद्यापासून.

८ जानेवारी
माझी लायब्ररी घातलेलं पहिलं मशीन बसलं, अंडी उबवायचं. बिद्रीच्या पुढं एका खेड्यात कृष्णात आणि त्याची आई, आक्का, गावरान अंडी उबवून पिल्लं विकतात. बाराशे अंडी, एकवीस दिवस. मशीन बसवायला अरीबा गेली. आम्ही डोक्याची कामं करतो, शेडमध्ये शोभत नाही. तापमान कृष्णात स्वतः भरणार. एकच आकडा तर आहे.

९ जानेवारी
आक्कांचा फोन. मोना मॅडमनी (आमच्या मालकीणबाई) स्पीकरवर टाकला. अंडी हाताला गार लागत्यात म्हणे. मी चिठ्ठीवर लिहून मॅडमपुढं सरकवलं: हात हे मोजमापाचं साधन नाही. अरीबा म्हणाली, त्यांना आत थर्मामीटर ठेवायला सांगू या. नको म्हणालो. कस्टमरला घाबरवायचं नसतं. टिक हिरवी आहे ना? हिरवी आहे. विषय संपला.

११ जानेवारी
कृष्णातचा निरोप: मशीनचा हीटर लागतच न्हाय. माझ्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली: विजेची लक्षणीय बचत.

१५ जानेवारी
सातव्या दिवशी अंडं दिव्यासमोर धरलं की आत शिरांचं जाळं दिसायला पाहिजे. एकातही दिसलं नाही. अर्ध्या तासात मूळ कारण शोधलं: कोंबडा. मॅडमना दोन पानी रिपोर्ट पाठवला. त्यांनी कृष्णातला कळवलं, तर उत्तर आलं, ह्याच कोंबड्याची पिल्लं गावभर हिंडत्यात की! ही माणसं भावनेवर चालतात. डेटा काही नाही.

१७ जानेवारी, सकाळी
आक्कांनी एक अंडं फोडलं. बलक जसाच्या तसा. मॅडम म्हणाल्या, सम्राट, तुम्ही आणि अरीबा आत्ता निघा. माझी कंबर नेमकी तेव्हाच धरली. अरीबा एकटी एसटीनं गेली.

१७ जानेवारी, संध्याकाळी
कारण सापडलं. कृष्णातनं तापमान मराठी आकड्यात लिहिलं होतं, ३७.५. लायब्ररीला ते कळलं नाही. तिनं पंचवीस धरलं आणि हिरवी टिक दिली. अरीबाला हे दहा मिनिटांत सापडलं. दहा मिनिटांत सापडते ती चूक मोठी नसतेच.

मॅडमनी विचारलं, एरर आली असेल तर गेली कुठं? मी सांगितलं, माझा कोड ती पकडतो. मग? मग सोडून देतो.

तिकडून आक्का फोनवर आल्या. मराठी आकडं कळत न्हाईत तर तसं सांगायचं की, म्या काय मारलं असतं व्हय? बचत गटाच्या बायकांनी पिल्लांसाठी खुराडी बांधून ठेवल्यात, त्यास्नी कुठल्या तोंडानं सांगू? मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मी एसीकडं.

१९ जानेवारी
अरीबानं लायब्ररी बदलली. आता मराठी आकडे चालतात, आणि चुकीचं काही आलं तर मशीन थांबून काय चुकलं ते मराठीत सांगतं. दोन तास लागले तिला. मला दोन आठवडे लागले असते, कारण मी खोलात जातो.

२२ जानेवारी
आक्कांनी चार गावांतून नवी अंडी गोळा करून लावली. बायकांच्या दारोदार जाऊन थांबा म्हणून सांगितलंय म्हणे. अरीबानं मला हे तीनदा ऐकवलं. काय अपेक्षा आहे कळत नाही.

२४ जानेवारी
कृष्णातनं मुद्दाम तापमानाच्या जागी ‘कडक’ असं लिहून बघितलं. मशीननं ते घेतलं नाही, आधीचं ३७.५ चालू ठेवलं आणि लिहिलं: ‘तापमान आकड्यात लिहा, ३७ ते ३८ मध्ये.’ आक्का ते मोठ्यानं वाचून हसल्या म्हणे. सॉफ्टवेअर वाचून गिऱ्हाईक हसतं, आणि इथं टाळ्या!

१ फेब्रुवारी
टेक लीड: अरीबा.

१२ फेब्रुवारी
पिल्लं बाहेर आली. मॅडम म्हणाल्या, आता तरी जा आणि आक्कांची माफी मागून या. ड्रायव्हर रजेवर, म्हणून गाडी मी चालवली. अरीबा मागं लॅपटॉप घेऊन. वाटेत वाक्य तयार करत होतो. इस्पुर्लीला त्यातलं ‘तांत्रिकदृष्ट्या’ काढलं. बिद्रीला ‘दोन्ही बाजूंनी’ काढलं. उरलं एवढंच: आक्का, माझी चूक झाली. इतकं छोटं वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं.

शेडपुढं बचत गटाच्या बायका पिल्लं न्यायला बुट्ट्या घेऊन उभ्या. आक्कांनी एक पिल्लू उचलून अरीबाच्या ओंजळीत ठेवलं. पोरी, तुझ्यामुळं गं, म्हणाल्या. मी दारात, हातात गाडीची किल्ली. वाक्य ओठांवर. आक्कांची नजर माझ्याकडं वळली. म्हणाल्या, कृष्णात, ह्या डायवर पावण्याला बी च्या दे की, कवाधरनं हुबा हाय बिचारा.

अरीबा बाजूला सरकली, मला पुढं यायला जागा करून.

चहा गाडीला टेकून प्यायलो. आक्का विचारायला आल्या, आणि घालू का? मी हो म्हणालो. तेवढंच बोललो.