गुंजांचे डोळे

बा, या पोळ्याला मी गावी गेलो होतो. आईला मी माझ्याकडं आणल्यापासून आपलं घर काकाच्या मुलाकडं आहे. त्याला छपराचे बांबू बदलायचे होते, म्हणून आढ्याला टांगलेलं तुझं जुनं जाळं मी येऊन उतरवावं, असा त्यानं निरोप धाडला होता. तू गेल्यापासून आठ वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. मी ते उतरवलं, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं राहून गेलं आहे असं सारखं वाटतं. तू मला चौथीपुढं शिकवू शकला नाहीस, पण मास्तरांनी अक्षर आणि शुद्धलेखन पक्कं करून घेतलं होतं. त्याच्या जोरावर मी चांद्याच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायच्या कामाला लागलो, हे तू पाहिलंस. दिवसभर उलटी अक्षरं एकापुढं एक लावतो. त्यामुळं असेल, कोणतीही गोष्ट मला क्रमानंच सांगता येते. मधला एक खिळा सुटला तर मी सगळी ओळ पुन्हा लावतो. म्हणून जाळ्यात काय सापडलं ते त्याच्या जागी सांगेन.

आमच्या मालकांनी दिवाळीसाठी मुलांचं एक लहानसं पुस्तक काढायचं ठरवलं आहे, भीतीच्या गोष्टींचं. शहरातली मुलं असली पुस्तकं हातोहात नेतात म्हणे. गावाकडची एखादी गोष्ट कोणाला येते का, असं त्यांनी आम्हा कामगारांना विचारलं. कोणी झोटिंगाची सांगितली, कोणी चकव्याची. मला काय झालं कोण जाणे, मी तुझी बाहुलीची गोष्ट सांगितली. मालक पान चघळत ऐकत होते, ते चघळायचे थांबले. म्हणाले, "हेच पाहिजे मले. पोट्टे भेले पाहिजेत, पण रडले नाई पाहिजेत." मग मीच ती लिहून काढली. शेवटचं पान सोडून सगळी झाली, आणि शेवटच्या पानाला मी दोन महिने अडून बसलो.

ती गोष्ट तू कधी रचलीस ते मला आठवतं, तुला आठवत होतं की नाही कोण जाणे. श्रावणाचे दिवस, तलाव काठोकाठ, बाहेर झड लागलेली. तू घरापुढच्या सपरीत खांबाला टेकून जाळं विणतो आहेस. जाळ्याच्या वरच्या दोरीला पांगाऱ्याची हलकी लाकडं बांधायची असतात, जाळं पाण्यावर तरंगावं म्हणून. तसली लाकडं तासता तासता एक तुकडा तू बाजूला ठेवलास आणि त्याची बाहुली केलीस. हात नव्हते तिला, पाय नव्हते, नुसतं डोकं आणि कमरेपर्यंतचं अंग. डोळ्यांच्या जागी दोन खाचा कोरून त्यात लाखेनं दोन गुंजा बसवल्यास. लाल, आणि मधे काळा ठिपका. बहीण तेव्हा पाच वर्षांची, मी नऊ. तिनं बाहुली उलटीसुलटी केली आणि विचारलं, "बा, हे बोलते का?" तू दातात दोरा धरून म्हणालास, "बोलते ना. पण तिले घराबाहेर टाकलं तरच बोलते."

आणि तू सांगत गेलास. एका घरात एक लाकडाची बाहुली असते, पापणी नसलेली. तिच्या नजरेला कंटाळून घरचे तिला रानात टाकून येतात. सकाळी दार वाजतं, "मी आली वो, दार उघडा." उंबऱ्यावर बाहुली, अंगाला चिखल. मग विहिरीत टाकतात. सकाळी पुन्हा, "मी आली वो, दार उघडा," आणि ओल्या अंगाचं पाणी उंबऱ्यावरून आत येतं. मग नदीपार टाकतात. ती येतच राहते, कारण तिला पापणी नाही, डोळे मिटत नाहीत, जाताना ती सगळी वाट पाहून ठेवते. शेवटी गावातली एक म्हातारी सांगते, तिचे डोळे काढा, मगच तिला वाट सापडायची नाही. तू बाहुलीचा आवाज नाकातून काढायचास. मी आईच्या मागं सरकायचो. जेवताना बाहुली समोर असली की मी ताट फिरवून बसायचो आणि तू हसायचास. बहीण मात्र "मी आली वो" आलं की दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायची. गोष्ट एकच होती, बा. मला ती बाहुली टळत नाही याची गोष्ट वाटली. तिला वाटलं, कितीही टाकलं तरी घरी येणाऱ्या लेकीची गोष्ट आहे. हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं झालं नसतं. नऊ वर्षांच्या मुलाला कळायला हवं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पोळ्याच्या आधी तिला हिवताप भरला. तू वैद्याचा काढा आणलास, आईनं देवीला नवस बोलला. ताप उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चढायचा. ती बाहुली कुशीत घेऊन पडलेली असायची, आणि ती झोपली तरी बाहुली माझ्याकडं बघत असायची. माझ्या मनानं घेतलं की ताप येतो तो तिच्यातूनच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं मारबत काढली. आपल्याकडची रीत तुला काय सांगायची, पण मला क्रमानं लिहू दे. गवताची आणि पळसाच्या फांद्यांची ती बाई, तिला ओढत शिवेबाहेर न्यायचं, घराघरातून फुटक्या टोपल्या, झिजलेल्या केरसुण्या तिच्यावर टाकायच्या आणि ओरडायचं, "खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत." ती वर्षाचं सगळं दुखणं घेऊन जाते, मोठी माणसंच म्हणतात. मी बहिणीच्या कुशीतून बाहुली काढली. ती ग्लानीत होती. गोठ्यामागं जाऊन खिळ्यानं दोन्ही गुंजा उकरून काढल्या, म्हणजे ती परत येणार नाही. मग ती केरसुणीच्या काड्यांत दडवली आणि मारबतीच्या पोटात खुपसली. सगळ्यांच्यात मोठ्यानं मीच ओरडलो असेन. शिवेबाहेरच्या नाल्यात मारबत ढकलली आणि रिवाजाप्रमाणं मागं न बघता घरी आलो. ताप जाईल याची मला इतकी खात्री होती की मी वाटेत धावलो.

ताप गेला नाही. शुद्धीवर आल्यावर तिनं बाहुली मागितली. आईनं घर पालथं घातलं, मला विचारलं, मी माहीत नाही म्हणालो. बहीण रडेल असं वाटलं होतं, पण ती रडली नाही. म्हणाली, "बाहेर गेली असन. येईन वापस. डोळे हायेत ना तिचे." माझी मूठ सदऱ्याच्या खिशात होती, आणि मुठीत गुंजा होत्या.

त्यानंतरचे चार दिवस ती दाराकडं तोंड करून पडून होती. तू आलास, तिची नजर पाहिलीस आणि दार लावून घेतलंस. "भेऊ नको माय, म्या दार लावलं. ते येत नाई आता," असं तू तिला सांगितलंस. ती म्हणाली, "काऊन लावलं? कशी येईन मंग ती?" तुला वाटलं तापात बडबडते आहे. तू कडी अजून घट्ट केलीस. दार उघडावं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं, कारण दाराशी मीच बसलो होतो. मी उठलो नाही. चौथ्या दिवशी दुपारी, तू तलावावरून यायच्या आधी, ती गेली. दार लावलेलंच होतं.

तेराव्याच्या दिवशी तू आईला म्हणालास, "माह्या तोंडानं गेली पोरगी. म्या भेव घातलं तिले." मी चुलीपाशी होतो. तेव्हा तुला सांगायला एक वाक्य पुरलं असतं, की ती भीत नव्हती, ती वाट बघत होती. पण ते वाक्य सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. मी चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. त्यानंतर तू गोष्ट सांगितली नाहीस. शेजारची पोरं येऊन बसायची, "काका, बाहुलीची सांगा ना," म्हणायची, आणि तू म्हणायचास, "इसरलो बाबू." मला ठाऊक होतं की तू विसरलेला नाहीस, कारण जाळं विणताना तुझे ओठ हलायचे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास मी तुला हातभार लावायला तलावावर आलो आणि जाळं घडी करायला पुढं झालो, तेव्हा तू माझा हात बाजूला सारलास. "त्या जाळ्याले हात नोको लावू तू." एवढंच. आवाज चढवला नव्हतास. पण त्याआधी तूच मला जाळं झटकायला, वाळत घालायला शिकवलं होतंस, आणि त्या दिवसापासून तू जिवंत असेपर्यंत ते जाळं तू एकट्यानं धुतलंस, एकट्यानं सांधलंस, एकट्यानं आढ्याला टांगलंस. घरातल्या दुसऱ्या जाळ्यांना माझा हात चालायचा. मी मनात धरून बसलो की तुला मी नकोसा झालो. जाळं टाकणाऱ्या ढिवराच्या पोरानं शाळेत जाऊन अक्षरं गिरवावीत असं तू पुढं म्हणालास, तेही मला हाकलून देण्यासारखंच वाटलं. चांद्याला आल्यावर मी गावी कमी येत गेलो. तुझ्या शेवटच्या आजारातही दोनच दिवस राहिलो, आणि त्या दोन दिवसांत आपण पावसाबद्दल बोललो.

आता जाळ्याचं सांगतो. मी ते उतरवून अंगणात पसरलं. उंदरांनी बरंच खाल्लं होतं. वरच्या दोरीला ओळीनं पांगाऱ्याची लाकडं बांधलेली, पाण्यानं काळी पडलेली. मी ती सवयीनं मोजत गेलो आणि मधोमध आलो तेव्हा हात थांबला. ते लाकूड नव्हतं. डोकं होतं, मान होती, कमरेपर्यंत अंग होतं. गळ्याभोवती दोरीचे दोन वेढे आणि तुझी गाठ. डोळ्यांच्या जागी दोन रिकाम्या खाचा, आणि एका खाचेच्या कडेला माझ्या खिळ्याचा ओरखडा. नाला फिरून आपल्याच तलावाला मिळतो, हे मारबत ढकलताना गावात कोणाच्याच ध्यानात येत नाही. ती तरंगत आली असेल आणि तुझ्या जाळ्यात सापडली असेल. बापानं तासलेलं पांगाऱ्याचं लाकूड, बुडणार कसं. तू ती हातात घेतलीस, खाचा पाहिल्यास, आणि तुला सगळं कळलं. कोणी काढले, कशासाठी काढले, आणि पोरगी दाराकडं का बघत होती. तू ती जाळली नाहीस, घरात आणली नाहीस, मला दाखवली नाहीस. रोज तिला पाण्यावर नेत राहिलास, आणि माझा हात त्या दोरीपर्यंत पोचू नये म्हणून मला जाळ्यापासून लांब ठेवलंस. मी तो राग समजलो, बा. तू असताना पंधरा वर्षं आणि तू गेल्यावर आठ वर्षं राग समजलो.

मला एक गोष्ट कळत नाही, आणि ती विचारायला कोणी नाही. बाहुली सापडल्यावर तुझं ओझं हलकं झालं का? पोरगी तुझ्या गोष्टीला भ्याली नव्हती हे तुला कळलं असणार. "माह्या तोंडानं गेली" हे पुन्हा तुझ्या तोंडून मी ऐकलं नाही. पण मग त्याच्या जागी हे दुसरं आलं, की मुलानं केलं, आणि गोष्ट तर तुझीच. यातलं जड कोणतं होतं? तू मला एकदा तरी का विचारलं नाहीस? मी वाट बघत होतो असं म्हणणार नाही. मी लपत होतो. पण विचारलं असतंस तर बोललो असतो, असं आता वाटतं.

गावाहून आल्यावर मी शेवटचं पान लिहिलं. मालकांना वाटत होतं, म्हातारीच्या सांगण्यावरून डोळे काढावेत आणि बाहुली होळीत जाळावी. मी लिहिलं की डोळे काढून तिला टाकली तरी ती घरी आली, कारण घरातल्या एका माणसानं तिला पाण्यातून उचललं. मालकांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "मंग यात भेव कुठी हाय?" मी म्हणालो, ती आली तरी घराचं दार लावलेलं आहे, त्यात आहे. त्यांना ते पटलं नसावं, पण त्यांनी खोडलं नाही. खिळे मीच जुळवले. एकही चूक निघाली नाही.

बाहुली मी इथं आणली आहे. आईला दाखवलेली नाही. छापखान्यात माझ्या खिळ्यांच्या घोड्यावर, खिळ्यांचे खण ठेवायच्या लाकडी मांडणीवर, वरच्या फळीवर ठेवली आहे. गुंजा इतकी वर्षं माझ्याजवळच होत्या, तंबाखूच्या एका डबीत. काल दुपारी सगळे जेवायला गेले असताना लाख तापवून मी त्या परत बसवल्या. बरोबर बसल्या, तुझ्या हाताच्या खाचा आहेत. क्षणभर बरं वाटलं. मग ती माझ्याकडं बघायला लागली. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून सांगतो, बा, मी तिचं तोंड भिंतीकडं फिरवून ठेवलं आहे.