बोट थांबवण्याचा अधिकार

बाबा, आज शुक्रवार, इथला सुट्टीचा वार. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये मी एकटाच बसलोय. तुमची सून आणि नात मैत्रिणीकडे जेवायला गेल्यात. मी डोकं दुखतंय अशी थाप मारली. नात दारातून म्हणाली, "अगेन, बाबा?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. मागच्या शुक्रवारपासून माझं काय बिनसलंय ते बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही मला या देशात कधी पाहिलंही नाहीत, पण ही गोष्ट तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही.

मी इथे कॅम्प सांभाळतो. वर्ल्ड कपसाठी स्टेडियम बांधतायत, त्यावर राबणारे आमच्या कंपनीचे कामगार शहराबाहेर बिरकत अल अवामेरला राहतात. त्यांच्या खोल्या, मेस, बस, दुखणीखुपणी, भांडणं, सगळं माझ्या अंगावर. मी मेसमध्ये शिरलो की जेवणारी माणसं ताट हातात धरून उभी राहतात. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, हल्ली "बसा" म्हणायचंही लक्षात राहत नाही. घरी आलो की तुमची सून म्हणते, "आले आमचे गव्हर्नर." तिला तुमच्या बेटाच्या गोष्टी मीच सांगितल्यात, त्यामुळे बोलायची सोय राहिलेली नाही.

जहाजावरचा कुक म्हणून गेलेला मालवणचा माणूस अटलांटिकातल्या त्या इंग्रजांच्या बेटावर उतरतो काय, आणि गव्हर्नरच्या बंगल्यात वर्षानुवर्षं स्वयंपाक करतो काय! लहानपणी मला वाटायचं, गव्हर्नर म्हणजे राजाच. पिसांची पांढरी टोपी, कमरेला तलवार. तुम्ही हसायचात. "राजा कसलो? लंडनचो माणूस तो," म्हणायचात. त्याच्या सहीशिवाय बेटावर कायदा व्हायचा नाही, न्यायाधीश नेमायचा तो, परेडला सलामी घ्यायचा तो, आणि प्रत्येक मयताला जायलाही त्यालाच लागायचं, कारण बेट एवढंसं, न जाऊन सांगतो कुणाला. शेजाऱ्याची मेंढी कुंपणात शिरली तरी लोक त्याच्याच दारात. त्यांच्या मनातलं लंडनला कळवायचं आणि लंडनचं मन त्यांना समजावायचं, हे त्याचं खरं काम. तुम्ही म्हणायचात, खाली सांगायला त्याला कधी वेळ लागला नाही, वर कळवायची वेळ आली की त्याचा चहा निवायचा.

बोटीची गोष्ट मात्र तुम्ही एकदाच सांगितलीत. कायमचे घरी परतला होतात, चुलीपुढे पाटावर बसून बांगडे साफ करत होतात आणि मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो. महिन्यातून एकदा यायची ती बोट बंदरात उभी आहे. बेटाच्या पलीकडच्या टोकाला एक बाई अडलेली, डॉक्टर म्हणतोय हिला याच बोटीनं न्यायला हवं, पण तिला बंदरावर आणेपर्यंत दुपार होणार. हवा बिघडत चाललीय म्हणून कप्तानाला निघायची घाई. तरी तो म्हणतोय, गव्हर्नरसाहेबांनी सांगितलं तर थांबतो. आणि साहेब बैठकीच्या खोलीत येरझारा घालतोय. बोट थांबवली तर लंडनचं ऑफिस काय म्हणेल? त्यानं तार केली आणि उत्तराची वाट बघत बसला. बोट गेली. संध्याकाळी उत्तर आलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. अधिकार सकाळपासून त्याच्याच खिशात होता. बाई गेली. तो पिसांची टोपी घालून मयताला गेला आणि लोकांनी त्याला वाट करून दिली.

"सायबान एक शब्द टाकल्यान असतो तर बोट ऱ्हवली असती," तुम्ही म्हणालात. "माणूस वायट नाय हां. पण भियाचो." मग बांगड्याकडे बघतच म्हणालात, "मी थंयच उभो होतंय. हातात किटली."

मी तेव्हा विशीचा, अंगात मस्ती. म्हटलं, "मग तुम्ही का नाही बोललात? मी असतो तर तोंडावर सांगितलं असतं." तुम्ही वर बघितलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं. "बघूया हां, तू किती बोलतंस ता," एवढंच म्हणालात आणि मला पाणी आणायला पिटाळलंत. आई तिकडून म्हणाली, "कशाला बापाला घालून पाडून बोलतोस?" मी तिलाही उलट बोललो. किती शहाणपण पाजळत होतो मी.

आता इकडचं सांगतो. आमच्याकडे तेलंगणातला एक माणूस आहे, स्टेडियमच्या छताशी परांची बांधतो, चाळिशीचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको गावाकडे हॉस्पिटलात आहे, हृदयाचं ऑपरेशन आहे आणि डॉक्टरांना ती यातून उठेल याची खात्री नाही. घरात मोठं माणूस कोणी नाही, मुलगी शेजाऱ्यांकडे. त्याला जायचंय. इथून कामगाराला देश सोडायचा तर कंपनीच्या मालकाची परवानगी लागते, एक्झिट परमिट म्हणतात. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं फर्मान काढलंय की स्टेडियम ताब्यात देईपर्यंत कुणाचीही रजा वर पाठवायची नाही. तो कामगार माझ्या केबिनमध्ये हेल्मेट काखेत धरून उभा राहिला, तेव्हा मी म्हटलं, "इन्शाल्ला, देखते हैं." इथल्या ऑफिसांत या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो. माझाही तोच होता. त्यानं मात्र तो शब्द छातीवर हात ठेवून घेतला.

मालक इथलाच, म्हातारा, जुन्या वळणाचा. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर त्याच्या घरची मजलिस, म्हणजे बैठक, सगळ्यांना उघडी असते. ड्रायव्हरही येऊन बसतो, आपलं गाऱ्हाणं सांगतो, कुणी अडवत नाही. मॅनेजरला ओलांडून मालकाकडे जायची हीच एक वाट. मागच्या शुक्रवारी मी गेलो, मनात वाक्यं जुळवून गेलो. म्हाताऱ्यानं मला जवळ बसवलं. नोकरानं काहवा, इथली कडू कॉफी, ओतला. म्हातारा आपणहून त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "कॅम्प में सब ठीक? कोई मुश्किल?" बाबा, तो विचारत होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. समोर मॅनेजर बसला होता, माझ्याकडे बघतही नव्हता, खजुराची बी काढत होता. माझ्या डोळ्यांसमोर फ्लॅटचं भाडं आलं, तुमच्या नातीची शाळा आली. मी म्हणालो, "सब तमाम, अल्हम्दुलिल्ला." आणि पुरे झालं म्हणून रीतीप्रमाणे कप हलवून नोकराच्या हातात दिला. म्हातारा खूश झाला. माझ्या पाठीवर थाप मारली त्यानं.

तुमच्या हातात निदान किटली होती. तुम्ही कुक, तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं गेलं होतं. हे कळायला मला बिरकतपर्यंतचा सगळा रस्ता लागला, आणि मग तुमचा तो वर बघितलेला चेहरा आठवून मी गाडी कडेला घेऊन बसून राहिलो. मला तुमची क्षमा मागायची आहे, पण त्याआधी मागायची ती दुसऱ्याच कुणाची तरी आहे.

आत्ता मशिदीतला दुपारचा नमाज संपला. मजलिस उघडली असेल. मॅनेजर आज सुट्टीवर आहे, ऑपरेशन अजून व्हायचंय, विमानं रोज आहेत. गाडीनं इथून फार लांबही नाही. सगळं माझ्या बाजूचं आहे आणि मी पत्र लिहीत बसलोय, जे कुठल्याच टपालात पडणार नाही. तुमचा साहेब तार करून वाट बघत बसला, तसलाच हा प्रकार.

मी आज का उठत नाही, ते अजून सांगितलेलं नाही तुम्हाला. बुधवारी तो माणूस मेसच्या दारात भेटला. विचारलंही नाही त्यानं, नुसता बघत राहिला. मी म्हटलं, "बडे साहब से बात किया मैंने. नहीं माने." साफ खोटं. आज मजलिसीत बोललो आणि म्हाताऱ्यानं हो म्हणून त्या कामगाराला समोर बोलावलं, तर त्याला कळेल की मी आधी बोललोच नव्हतो. मला या एवढ्याशाची भीती वाटतेय, बाबा, नोकरीची नाही. कारण बुधवारी माझं ते खोटं ऐकून त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "आपने मेरे लिए इतना किया, सर, मेरी मुन्नी को बोलूँगा." आणि मी त्याला ते बोलू दिलं.