लक्ष न देण्याची पद्धत

४ फेब्रुवारी, सकाळी सव्वासात
ठमीला चाळा लागला आहे. बोलता बोलता दोन्ही डोळे घट्ट मिटते आणि नाक वर ओढते. बायकोला अजून दिसलेलं नाही. मला दिसलं. पंचवीस वर्षं पासपोर्ट फोटो काढतो, डोळे हा माझाच विषय. पोर सहा वर्षांची, आम्हाला उशिरा झालेली. शाळेच्या फॉर्मसाठी फोटो हवा आहे, मुदत २० मार्च. आठवड्यात बरी करतो.

५ फेब्रुवारी
दुकानातल्या स्टुलावर बसवली. म्हटलं, मी दहा म्हणेपर्यंत डोळे मिटायचे नाहीत. चार म्हणेपर्यंत तीनदा मिटले. चिडलो नाही. आवाज चढला, पण तो पंख्यामुळे.

८ फेब्रुवारी
स्टूल बघितलं की पोटात दुखतं म्हणते. आता खांदाही उडवते. बायको म्हणाली, मला महिन्याभरापासून दिसतंय, म्हणूनच गप्प होते, तुम्ही वाढवून ठेवलंत. गावच्या शाळेत मास्तर माझं तोतरं बोलणं वर्गापुढे करून दाखवायचे. त्या मानाने मी किती मवाळ.

१० फेब्रुवारी
मुलांच्या डॉक्टरीणबाई. ठमीशी दहा मिनिटं मांजरीवर गप्पा. डोळ्यांचा विषयच नाही. मग तिला बाहेर पाठवून म्हणाल्या, या वयात होतं, बहुतेकदा आपोआप जातं. टोकू नका, त्याकडे लक्ष देऊ नका. मी विचारलं, किती लक्ष द्यायचं नाही? म्हणाल्या, अजिबात नाही. बायको म्हणाली, यांना जमणार नाही. बघूच.

११ फेब्रुवारी
पद्धत बसवली. ठमी बोलायला आली की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं. देवापुढे बसून सांगितलं, माझी नजर आवर. आवरली.

१४ फेब्रुवारी
ठमी शाळेतलं काहीतरी सांगत होती, बाईंच्या चपलेबद्दल. मी कॅलेंडरकडे. मध्येच थांबून तिने विचारलं, बाबा, तिकडे काय आहे? काही नाही म्हटलं. तीही थोडा वेळ कॅलेंडर बघत उभी राहिली. मग गेली. एकदाही लक्ष दिलं नाही. उत्तम.

२२ फेब्रुवारी
आता ती गोष्टी स्वयंपाकघरात सांगते. दुकान घराच्या खालीच, त्यामुळे ऐकू येतं. शब्द नाही, नुसतं हसणं. दुपारचं जेवण काउंटरवरच घेतो, धोका नको. बायको म्हणाली, पोर विचारते, बाबा कशावरून रुसलेत. म्हटलं, ही शिस्त आहे. तिने ताट ठेवलं आणि गेली.

२ मार्च
एक वर्षभराचं बाळ आलं होतं फोटोला. त्याच्याकडे पोटभर बघितलं. शेवटी त्याच्या आईनेच विचारलं, झाला का हो फोटो?

९ मार्च
जिन्यात ठमी समोरून आली. मी चपलांकडे बघितलं. ती भिंतीला चिकटून वर गेली. प्रार्थनेत मन लागलं नाही. पण आता थोडेच दिवस. मध्येच सोडलं तर सगळं पाण्यात.

१९ मार्च, संध्याकाळ
उद्या फॉर्म द्यायचा. बायकोला म्हटलं, आण तिला खाली, आजच्या दिवस बघायला हरकत नाही. ती म्हणाली, फोटो कालच काढला, चौकातल्या फोटोवाल्याकडे. मी म्हटलं, घरात फोटोग्राफर असताना? तर म्हणे, ठमीलाच तिकडे जायचं होतं, ते काका आपल्याकडे बघून हसतात म्हणाली. डोळ्यांचं विचारलं. बायको म्हणाली, थांबून तीन आठवडे झाले, तुम्हाला कळलं नाही?

म्हणजे माझी पद्धत लागू पडली.

फोटो मागून घेतला. लायटिंग कच्चं. मागच्या पडद्याला सुरकुती. डोळे दोन्ही लख्ख उघडे. हसते आहे. वरचा पुढचा एक दात नाही.

तो कधी पडला, हे बायकोला विचारायचं धाडस झालं नाही.