पूजा झाली का?

५ फेब्रुवारी, बुधवार. ढोकी

उद्या निघायचं! बॅग दोनदा भरली, दोनदा उपसली. शांतम्मानं शेंगाच्या चटणीची पिशवी कपड्यांत खुपसली, मी काढली, तिनं परत खुपसली. ‘पाव खाऊन जगताव व्हय तिकडं?’ बायकोशी भांडत बसलं तर विमान निघून जाईल. ठेवली.

तेरला आज सत्कार झाला. फ्लेक्सवर माझा फोटो, खाली ‘सिद्रामप्पा गुरुजी — सातासमुद्रापार धर्मकार्यास’. फोटो जुना, केस काळे. बरा दिसत होता. मठाच्या संस्कारवर्गांचे सगळे शिक्षक आले होते. भाषणात नेहमीचंच सांगितलं — इष्टलिंग हा दागिना नव्हे. गुरूनं एकदा दिलं की शेवटच्या श्वासापर्यंत अंगावरून उतरायचं नाही. शिवप्पा आंघोळीच्या वेळी गळ्यातली लिंगाची डबी खुंटीला अडकवतो, हे माझ्या कानावर आलं होतं. त्याला सगळ्यांदेखत उभा केला. बिचारा मान खाली घालून उभा राहिला. जरा जास्तच झालं की काय? पण शिकवणारानंच असं केलं तर पोरांनी कुणाकडं बघायचं!

इंग्लंडात रेडिंग म्हणून गाव आहे. तिथं आपल्या समाजाची बरीच घरं, नोकरीसाठी गेलेली. रविवारी पोरांचा वर्ग भरवतात — पूजा कशी करायची, वचनं कशी म्हणायची. तो वर्ग घेणाऱ्यांना शिकवायला मला बोलावलंय, मठाचा प्रचारक म्हणून. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजवला, आता हे दिवस आले. अभिमान वाटतो. का वाटू नये?

६ फेब्रुवारी, गुरुवार. हैदराबाद विमानतळ

सकाळी नुसती पळापळ. पूजेला बसलो, लिंग तळहातावर घेतलं, तेवढ्यात पेपरवाल्याचा फोन! उद्या बातमी लावतो म्हणाला. ‘निवृत्त शिक्षक’ नका लिहू, ‘धर्मप्रचारक’ लिहा, हे त्या गृहस्थाला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. तोवर दारात गाडी हॉर्न वाजवायला लागली. रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते, उशीर करून चालणार नव्हतं. कसंबसं उरकलं आणि निघालो.

इथं तपासणीला गळ्यातली डबी उतरवायला लावली. चांदीची ना, मशीन ओरडतं. मी म्हटलं, ही उतरवत नसतात. ती पोरगी हसून म्हणाली, ‘अंकल, दो मिनट.’ ट्रेमध्ये ठेवली. चपलांशेजारी! मन खट्टू झालं. मागचे लोक घाई करत होते, पलीकडं पोचल्यावर डबी उचलून तशीच गळ्यात घातली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. रेडिंग

डबीत लिंग नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल यापुढं लिहवेना.

नंदीश विमानतळावर न्यायला आला होता. मूळचा उमरग्याचा, कॉम्प्युटरवाला, फार गुणी पोरगा. त्याच्या घरी वरची खोली माझ्यासाठी तयार, कोपऱ्यात पाट, समई, कुठून कुठून आणलेली बेलाची पानं. ‘गुरुजी, आंघोळ करून पूजा उरका, मग जेवू.’ आंघोळ केली, पाटावर बसलो, डबी उघडली. आत कापड होतं. कापडात काही नव्हतं.

बॅग उपसली, खिसे उलटे केले, चटणीच्या पिशवीत हात घातला. ट्रेमध्येच पडलं असणार. झाकण ढिलं झालंच होतं, आज करू उद्या करू म्हणत सोनाराकडं नेलं नाही. कुठंतरी त्या पट्ट्याखाली पडलं असेल, झाडूवाल्यानं लोटून नेलं असेल. लहानपणी मठाच्या अप्पाजींनी माझ्या हातावर ठेवलं होतं ते. टॉवेल तोंडात धरून रडलो, खाली ऐकू जाऊ नये म्हणून.

नंदीशला सांगितलं असतं तर त्यानं लगेच विमानतळाला कळवलं असतं. जिन्यावरून खाली उतरलो तेच सांगायचं म्हणून. तो म्हणाला, ‘झाली पूजा?’ मी म्हटलं, झाली.

मग शांतम्माचा फोन. ‘पोचलाव व्हय? काय राह्यलंबिह्यलं तर न्हाय ना हितं?’ काही नाही, म्हटलं. ‘पूजा झाली का, री?’ ती आळंदकडची, नवऱ्याला कानडीतलं ‘री’ लावते. झाली, म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात हिनं मला पूजेचं कधी विचारलं नव्हतं. माणूस लांब गेलं की बायका हळव्या होतात.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला वर्ग. चर्चच्या मागचा हॉल भाड्यानं घेतात. भिंतीवर येशूची चित्रं, खाली आपली सतरंजी. शिकवणारे सात-आठ जण, बहुतेक पोरांच्या आयाच.

नंदीश म्हणाला, ‘गुरुजी, आधी तुम्ही लिंगपूजा करून दाखवा.’ तोंडातून निघालं — ‘बघून शिकलेलं टिकत नाही. तू कर, मी चुका काढतो.’ सगळ्यांना हे फार आवडलं! एकीनं तर ते लिहून घेतलं. नंदीश तळहातावर लिंग घेऊन बसला आणि मी त्याच्या चुका काढत राहिलो. कोपर खाली. नजर लिंगावर, माझ्याकडं नको. माझ्याकडं नको!

वर्ग खऱ्या अर्थानं चालवते ती भुवनेश्वरी. आपल्या भूम तालुक्यातल्या ईट गावची निघाली! इथं म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी करते. कडेवर पोर, तरी बाकीची पोरं तिलाच चिकटलेली. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. कपाटात पोरांची चित्रं, भस्माचे गोळे, आसनं, सगळं जागच्या जागी. जाताना तिनं हातात गरम पुडकं दिलं. ‘ज्वारीची भाकर हाय गुरुजी. पावानं तोंड इटलं आसंल तुमचं.’

भाकरी खाल्ली. चटणीबरोबर. गोड लागली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

थंडी अशी की बोटं लेखणी धरत नाहीत. सकाळी खोलीचं दार लावून पाटावर बसतो. नंदीशची बायको मुलांना गप्प करते — ‘गुरुजी पूजेला बसलेत.’ मी भिंतीकडं बघत बसतो.

फोन. ‘पूजा झाली का?’ झाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज जे केलं ते लिहायला नको वाटतंय. पण कुठंतरी खरं बोललं पाहिजे, निदान इथं.

संध्याकाळी नंदीशच्या घरी शंकासमाधान ठेवलं होतं. चहा झाला. भुवनेश्वरी उठून उभी राहिली, सगळ्यांसमोर. म्हणाली, ‘गुरुजी, एक इचारायचं हाय. माझ्याकडं लिंग न्हाय. ह्या पोराच्या टायमाला ऑपरेशन झालं, तवा काढाय लावलं. परत मागितलं तर कुणालाच ठावं न्हाय. तवापासनं गावाकडं जायचं जमलं न्हाय, मठात जाऊन घेता आलं न्हाय. मी पोरांना शिकिवलेलं चालतं का?’

मला वाटलं, सगळे माझ्या गळ्यातल्या डबीकडं बघतायत. कुणी बघत नव्हतं, सगळे तिच्याकडं बघत होते.

सोपं उत्तर होतं. हरवणं म्हणजे टाकणं नव्हे, गुरू पुन्हा देतात, तोवर शिकव पोरी — हे मी गावोगाव कितीतरी म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांगितलंय. आणखी एक वाक्य होतं, ते तर फारच सोपं होतं — माझंही हरवलंय. पण मी घाबरलो. आज मऊ बोललो तर कुणीतरी विचारेल, गुरुजी एवढे मऊ कसे? चोराच्या मनात काय काय येतं!

आणि म्हणालो, ‘चालत नाही.’ शिवप्पाला उभा केला होता ना, त्याच आवाजात. ‘ज्याच्या अंगावर लिंग नाही त्यानं ते दुसऱ्याला कसं शिकवायचं? दीक्षा घेईपर्यंत वर्ग दुसऱ्या कुणीतरी घ्यावा.’

ती म्हणाली, ‘बरं गुरुजी.’ एवढंच. कमरेची किल्ली सोडली आणि नंदीशपुढं ठेवली. पोर झोपलं होतं, त्याला खांद्यावर घेऊन गेली.

नीच आहे मी. दुसरा शब्द नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

‘आवाज का बसलाय तुमचा?’

‘थंडीनं.’

‘पूजा झाली का, री? मन लावून?’

भडकलो. रोज काय तेच तेच, म्हटलं, दुसरं काही विचारायला नाही का तुला? ती म्हणाली, ‘बरं.’ शेजारचं कुत्रं भुंकत होतं, ते तेवढं ऐकू येत राहिलं.

दोन दिवसांत दोन बायकांनी मला ‘बरं’ म्हटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सांगायचं. निरोपाचा कार्यक्रम आहे, सगळे असतील. ठरलं. उभं राहायचं, डबी उघडायची, दाखवायची. किल्ली तिची तिला द्यायची. काय होईल? हसतील. मठाला कळेल. तेरला कळेल. शिवप्पाला कळेल! कळू दे.

१६ फेब्रुवारी, रविवार

नाही सांगितलं.

भुवनेश्वरी आली होती. मागं, दाराशी बसली, पोर मांडीवर. येणारच नाही असं धरून चाललो होतो मी. वर्गातली पोरं धावत तिच्याकडं गेली, तिनं त्यांना पुढं पिटाळलं. ‘जावा, गुरुजींसमोर बसा.’

मी उठलो. डबीला हात घातला. खरंच घातला होता. पण नंदीश मध्येच माईक घेऊन उभा — सगळ्यांनी मिळून मला भेट आणलीय. चांदीची नवी डबी! ‘तुमच्या जुनीचं झाकण ढिलं झालंय गुरुजी, माझ्या लक्षात आलं. आत्ताच लिंग हिच्यात ठेवा, आम्हाला बघू द्या.’ सगळ्यांचे मोबाइल वर.

देवानं ताटात वाढून दिलं होतं. उघडायचं फक्त.

आणि मी म्हणालो, ‘डबी अशी कुठंही उघडत नसतात. मठात, गुरूंसमोर उघडेन.’ टाळ्या पडल्या! केवढ्या टाळ्या! भुवनेश्वरीसुद्धा वाजवत होती, पोराचे हात हातात धरून.

निघताना पाया पडली. म्हणाली, ‘आसं कडक सांगणारं कुणीतरी पायजेच व्हतं आमाला.’ मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी अजून धुतोय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. ढोकी

पोचलो. शेजारपाजारचे येऊन गेले, पेपरातलं कात्रण दाखवून गेले. ‘धर्मप्रचारक’ छापलंय, बरोबर छापलंय. कात्रण घडी घालून कपाटात टाकलं. नवी डबी सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. शांतम्मानं पाहिली नाही. जेवायला वाढलं, पाणी तापवलं, बोलली काहीच नाही. त्या फोनचा राग असेल.

उद्या सकाळी गुपचूप मठात जायचं. अप्पाजी नाहीत आता, नवे महाराज आहेत, त्यांना फारसं सांगावं लागणार नाही. नवं लिंग घ्यायचं, नव्या डबीत ठेवायचं. शिवरात्रीला गावची पूजा मलाच सांगायची आहे, त्याच्या आत उरकेल. कुणाला कळायचं कारण नाही.

भुवनेश्वरीचं? तिचं बघू. नंदीशला एखादा मेसेज टाकता येईल पुढंमागं.

हे लिहिलं आणि वाचलं. आपला आपल्यालाच वीट आला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आंघोळ करून मठाकडं निघालो होतो. शांतम्मा म्हणाली, ‘आदी पूजा करा, री.’ पूजेची ताटली आणून माझ्यासमोर ठेवली आणि वरचं बेलाचं पान बाजूला केलं. खाली माझं लिंग.

पेपरवाल्याचा फोन घ्यायला मीच ताटलीत ठेवलं होतं. ‘धर्मप्रचारक लिहा’ म्हणत रिकामं कापड डबीत घालून गेलो होतो.

शांतम्मा म्हणाली, ‘तुमी गेल्यावर ताटली घासाय घेतली, तवा दिसलं. दुसऱ्याचं हातात घेऊ नये म्हणत्यात, म्हून हाय तसं ठिवलं. रोज वरनं पाणी घातलं, भस्म लावलं.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘रोज इचारत व्हते की.’

मान वर करवेना.

तिकडं इंग्लंडात अजून उजाडलं नसेल. दुपारी नंदीशला फोन लावायचा. सगळ्यांना जमव म्हणायचं, भुवनेश्वरीला पुढं बसव, तिची किल्ली तिला दे — आणि मग माझं सांगायचं, पहिल्या दिवसापासून. शांतम्माला म्हटलं, माझ्यानं बोलवेल का गं?

म्हणाली, ‘मी बसते की जवळ.’