परत येण्याचा हेतू

३ फेब्रुवारी

पुन्हा तोच व्हिसाचा फॉर्म — चौथ्यांदा! 

‘कुणाला भेटायला जात आहात?’ — बंड्याचं पूर्ण नाव लिहिलं. कागदावर किती परकी वाटते ती! चार वर्षांत मी तिला त्या नावाने एकदाही हाक मारलेली नाही. ‘नातं?’ — मैत्रीण. तिन्ही वेळा हेच लिहिलं. खोटं नाही. पण जिच्याशी बोलल्याशिवाय मला घास गिळवत नाही, तिच्यासाठी एवढासा शब्द! दुसरा लिहायची हिंमत नाही.

या वेळी एक नवीन रकाना आहे. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचा फोन नंबर. घरात आम्ही दोघीच. आईचा दिला. दिला खरा. पण व्हिसावाल्यांनी फोन केला तर? मग वाटतं, आईला काही माहीतच नाही, तर ती सांगणार काय?

६ फेब्रुवारी

दुकानात आज घोळ केला. एका आजोबांच्या चष्म्याच्या काचेचा अक्ष चुकीच्या अंशावर धरला आणि तशीच घासून फ्रेममध्ये बसवली. आजोबा चष्मा लावून दारापर्यंत गेले आणि खांबाला धरून उभे राहिले. म्हणाले, “पोरी, जमीन तिरकी झाली का गं?” मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी काच करून दिली.

मालक म्हणाले, “चष्म्याच्या दुकानात बसून तुलाच दिसेनासं झालं होय!”

त्यांच्याकडूनच रजेचं पत्र हवं होतं. भीत भीत मागितलं.

“परत? तिकडे काय आहे एवढं? दर वर्षी आपली चाललीच!”

“मैत्रीण आहे. एकटी असते.”

मालकांनी दुकानाच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं — यांची जागा राखून ठेवलेली आहे, त्या परत येतीलच. तो ‘च’ पुन्हा पुन्हा वाचला.

९ फेब्रुवारी

मागच्या वेळची ती खोली आज डोळ्यांपुढून हलत नाही.

तिकडच्या विमानतळावर रांगेतून बाजूला काढलं मला. बिनखिडकीची खोली, भिंतीला स्क्रूने आवळलेल्या खुर्च्या. दोन तास. तिथल्या अधिकारी बाईने माझा फोन घेतला आणि फोटो एकेक करून बोटाने सरकवत गेली. बंड्या दात घासताना. बंड्या माझ्या मांडीवर झोपलेली. बाईचा चेहरा हलला नाही. फक्त तिने कॉम्प्युटरमध्ये काहीतरी टाइप केलं. बराच वेळ टाइप करत होती. काय लिहिलं असेल? ते अजून तिथे असणार. कुणीही उघडून वाचेल.

बंड्या तेव्हा बाहेर दोन तास उभी होती. तिला वाटलं, मला परत पाठवलं.

आज फोनमधले अर्धे फोटो पुसले. आणि मग रडत बसले.

१६ फेब्रुवारी

मुलाखत झाली. नऊची वेळ, साडेसातलाच जाऊन उभी. कागद तीनदा मोजले. तरी खिडकीपाशी गेल्यावर फाइल हातातून निसटली आणि सगळं जमिनीवर!

जाड काचेपलीकडचा माणूस तरुण होता. चष्म्याची फ्रेम त्याला सैल होती, सारखी नाकावरून घसरत होती. एरवी दोन मिनिटांत घट्ट करून दिली असती.

“चार वर्षांत चौथ्यांदा?”

“हो.”

“नवरा?”

“नाही.”

“मुलं?”

“नाही.”

“मग परत यावंच लागेल असं तुमचं इथे काय आहे?”

“आई.”

नोकरी सांगायची होती, मालकांचं पत्र पुढे करायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं. त्याने वर पाहिलं, चष्मा सरकवला, काहीतरी लिहिलं. “कळवू.”

१७ फेब्रुवारी

बंड्याशी भांडण. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मी आपलं खिडकी, फाइल, तो माणूस असं सगळं सांगत होते. ती मध्येच म्हणाली, “मी येते ना तिकडे. माझा पासपोर्ट तिकडचाच आहे, मला कुणाची परवानगी लागत नाही. तिकीट काढायचं आणि निघायचं.”

“नको.”

“का नको? दर वेळी नको!”

“आईला काय सांगू?”

मग ती एकेक शब्द तोडून म्हणाली:

“तुला व्हिसाच्या माणसांची भीती वाटत नाही. तुला तुझ्या आईची भीती वाटते. आणि त्यापायी तू दर वर्षी त्या लोकांपुढे जाऊन उभी राहतेस, आणि मला बाहेर उभी करतेस. या वेळी नाही मिळाला तर मला पुन्हा थांब म्हणू नकोस.”

फोन ठेवला तिने. मी ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले वेड्यासारखी.

१९ फेब्रुवारी

फोन नाही.

२० फेब्रुवारी

नाही.

२२ फेब्रुवारी

फोन आला. सर्दी झालीय म्हणाली. दोघी हवामानावर बोललो! पाहुण्यांसारख्या! हे त्यापेक्षा भयंकर आहे.

२ मार्च

मध्यरात्र झालीय. तरी लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

जेवायला बसलो. आई भाजी वाढता वाढता सहज म्हणाली, “तुझ्या त्या व्हिसावाल्यांचा फोन होता दुपारी. बाई चांगली होती. आपल्याच भाषेत बोलत होती.”

माझा घास हातातच.

“काय विचारलं?”

“मुलगी सारखी कशाला जाते म्हणून. म्हटलं, तिचं माणूस आहे तिकडे.”

“आई!”

“मग काय सांगू? बागा बघायला जाते?”

“माणूस म्हणजे कोण?” माझा आवाज मलाच ऐकू येईना.

“बंड्या. दुसरं कोण? दिवसातून दहादा तुझ्या फोनवर ते नाव उजळतं. सुरुवातीला मला वाटलं, मुलगा आहे. मग भिंतीपलीकडून आवाज ऐकला. तिकडून आलीस की आठ आठ दिवस तू धड जेवत नाहीस. मैत्रिणीपायी कुणी एवढं झुरतं का गं?”

मी उठून मोरीत गेले. नळ सोडला आणि तशीच उभी राहिले. किती वर्षं हा क्षण मी मनात रंगवला होता — ताट भिरकावणं, रडणं, शपथा. आणि आई बाहेरून म्हणत होती, “भाजी गार होतेय.”

परत येऊन बसले. तेव्हा तिने उरलेलं सांगितलं.

“बाईने विचारलं, परत येईल ना? म्हटलं, माझ्यासाठी येते बिचारी. पण तिला तिकडेच राहावंसं वाटलं तर राहू दे की! मी काही तिला बांधून ठेवलेलं नाही. मी धडधाकट आहे.”

मोठ्या मनाने बोलली. आशीर्वाद दिला मला! आणि नेमका तो आशीर्वाद तिने त्या बाईच्या कानात घातला. अगं आई, सगळ्या जगात ही एकच गोष्ट सांगायची नव्हती!

तिने वाढलेली गार भाजी खाल्ली. 

८ मार्च

रोज पोस्टाची पेटी. दुकानात जाताना, येताना. जिन्यात कुणाची पावलं वाजली तरी दार उघडून बघते.

बंड्याला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. फोन घेते आणि पुन्हा हवामानावरच बोलते.

१३ मार्च

नाकारला.

पासपोर्टसोबत एक छापील कागद. त्यावर बारा कारणं आणि बारा चौकोन. सातव्यात टिकमार्क — ‘मुदत संपण्यापूर्वी परत येण्याचा अर्जदाराचा हेतू खात्रीलायक वाटत नाही.’

आईने तो कागद मागून घेतला. चष्मा लावून सातवं कारण दोनदा वाचलं.

“माझ्यामुळे?”

“नाही गं. मागच्या वेळचं काहीतरी असेल.”

“मला फसवू नकोस.” कागदाची नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. जेवली नाही.

बंड्याला फक्त एक ओळ लिहून पाठवली. तिने वाचली. उत्तर नाही.

१४ मार्च

उत्तर नाही. आईही बोलत नाही.  दोघींनाही गमावलं बहुतेक, एकाच आठवड्यात.

१५ मार्च

दुकानातून आले तर माझ्या खोलीचं दार उघडं. आई आत, पाठमोरी, बंड्याचा नंबर असलेला माझा जुना फोन कानाला. मी उंबऱ्यातच थबकले.

“आधी शिंका आवर, मग बोल,” ती म्हणत होती. “हं. तर हिच्या खोलीत मोठा पलंग मावतो. मी टेपने मोजलंय.”